अकरा मार्चच्या पुढं

अफरीन शिकलगारला विकायची तारीख अकरा मार्च निघाली. लग्नाची निघते तशी. फरक एवढाच, की लग्नाच्या वेळी पोरीला तोंडदेखलं का होईना, 'पसंत हाय का' असं विचारतात.

तारीख भटजीनं काढली नव्हती, यंत्रानं काढली होती. जेवणाच्या डब्याएवढं पांढरं यंत्र, नाव 'माथा'. कोल्हापुरातल्या चिंचबाग तालमीत, कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्याशेजारी एका स्टुलावर ते ठेवलं होतं. अफरीननं बोट पुढं केलं, सुई टोचली, थेंब आत गेला. समोरच्या भिंतीवर डोंगरासारखी रेघ उमटली. एका अंगानं चढ, मग टोक, मग उतार. टोकावर तारीख होती. अजून तीन आठवडे.

"बघा! मी काय म्हणत होतो?" तालमीचे अध्यक्ष हिंदुराव गवळी मांडीवर थाप मारत म्हणाले. चाळीस म्हशींचा गोठा असलेला माणूस, उपमा दुसरीकडून आणणार कुठून? "दुसऱ्या वेताची म्हैस आन् अठरा वर्साची विंगर वेळेत इकावी. तिसऱ्या वेताची वाट बघणारा नुसता कासरा धरून बसतोय."

"आण्णा," अफरीन बोट चोखत म्हणाली, "म्हशीला बाजाराला न्यायच्या आधी आंबोण तरी घालता. मला सकाळपासनं चहा बी न्हाई."

तालीम हसली. मालन इंगवले हसली नाही.

मालन चिंचबागच्या पोरींच्या फुटबॉल संघाची वस्ताद. तालीम कुस्तीची असो नाहीतर फुटबॉलची, शिकवणाऱ्याला कोल्हापुरात वस्तादच म्हणतात, आणि बाई वस्ताद झाली म्हणून शब्द बदलायचं कुणाला सुचलं नाही. वय एक्कावन्न. सकाळी महापालिकेची चावीवाली, म्हणजे गल्लोगल्लीच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. पहाटे आणि संध्याकाळी पोरींना पळवायचं. आज तिची नजर यंत्राकडं नव्हती. यंत्र चालवणाऱ्या पोरीकडं होती.

कंपनीचा निळा शर्ट घातलेली ती पोरगी म्हणजे पूनम सुतार. सहा वर्षांपूर्वी याच तालमीनं, याच यंत्राच्या तारखेला, मालनच्या सहीनं विकलेली.

"बरी हायस का?" मालननं विचारलं.

"बरीच की, वस्ताद," पूनम सुई डब्यात टाकत म्हणाली. "टोचायची नोकरी हाय. आधी मला टोचत होते, आता मी टोचती."

*

'माथा' काय करतं ते एकदा नीट सांगायला पाहिजे, कारण त्याला जादू समजणारे आणि थोतांड समजणारे दोघंही सारखेच मूर्ख.

माणसाच्या पेशींमध्ये डीएनएवर वयाबरोबर रासायनिक खुणा चिकटत जातात. रक्ताच्या थेंबातून त्या मोजता येतात, आणि शरीर जन्मदाखल्यापेक्षा किती पुढं किंवा मागं धावतंय ते कळतं. त्याच थेंबात गुडघ्याची हाडं बांधून ठेवणाऱ्या दोरांच्या झिजेचे अंशही सापडतात. बुटात घातलेल्या संवेदक तळव्यांमुळं प्रत्येक पावलाचा जोर आणि तिरकेपणा कळतो. हे सगळं दोन लाख खेळाडूंच्या नोंदींशी ताडून यंत्र सांगतं, हे शरीर कधी कळसाला जाईल आणि कधी घसरेल. ही झाली एक रेघ.

दुसरी रेघ बाजाराची. डाव्या बाजूनं पळणाऱ्या पोरी येत्या वर्षात किती क्लबांना हव्या असतील, तेही यंत्राला ठाऊक. दोन्ही रेघांचा गुणाकार केला की जे टोक निघतं, तो त्या खेळाडूचा माथा. त्या दिवशी विका, त्याहून जास्त किंमत विकणाऱ्याला जन्मात मिळणार नाही.

सुरुवातीला क्लब खूश झाले. मग विमा कंपन्यांनी नियम काढला: माथा उलटलेल्या खेळाडूचा विमा नाही, आणि विमा नाही त्याला मोठ्या लीगमध्ये जागा नाही. माथ्याच्या आत सौदा झाला, तर मात्र नव्या क्लबाच्या बाजाराप्रमाणं यंत्र पुढची तारीख काढायचं. मग सगळेच माथ्याच्या आधी विकायला लागले. विकत घेणाराही खेळवायला घेत नव्हता, पुढं विकायला घेत होता. खेळवलं तर लागेल, लागलं तर रेघ पडेल. म्हणून पोरींना काचेच्या भांड्यांसारखं जपायचं, बाकावर बसवायचं आणि पुढच्याच्या गळ्यात मारायचं. दहा वर्षांत जगातले सगळ्यात महाग खेळाडू सगळ्यात कमी खेळलेले निघाले. यावर कुणाला हसू येईना, कारण प्रत्येकाच्या तालमीत एकतरी विकायला काढलेला होता.

चिंचबागला अफरीनचे साडेतीन कोटी येणार होते. कतारचा एक क्लब तयार होता. हिंदुरावांनी नव्या मैदानाचा नकाशासुद्धा काढून आणला होता, हिरव्या स्केचपेननं रंगवून.

*

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सरावाला पूनम बघायला आली. कंपनीच्या नियमाप्रमाणं तिला विकायच्या खेळाडूचं पळणं पाहून नोंद करायची होती. कठड्यावर बसून ती टॅबवर बोट फिरवत होती. अफरीननं चेंडू लाथाडला तो थेट तिच्या पायाशी.

"पूनमक्का, तुमची लई कहाणी ऐकलीय. चिंचबागची आजवरची सगळ्यात पळणारी म्हणं. टॅबवर पळत होता काय?"

"तोंडानं बरी खेळतीस गं तू," पूनम म्हणाली. टॅब बाजूला ठेवला. ऑफिसचे बूट काढले. आणि अनवाणी मैदानात उतरली.

पुढची पाच मिनिटं मालन कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. पूनमला दम लागत होता, अंग जड झालं होतं. पण चेंडू पायाला चिकटल्यासारखा होता. अफरीन उजवीकडं झुकली की ही डावीकडं निघायची. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी पूनमनं डाव्या पायावर सगळं वजन टाकून गर्रकन वळण घेतलं आणि अफरीन मातीत बसली.

मालन ओरडली, "पूनम! गुडघा!"

सहा वर्षांपूर्वी यंत्रानं सांगितलं होतं, पूनमच्या डाव्या गुडघ्याचा दोर बाविसाव्या वर्षी तुटणार. त्या आधी विका. मालननं सही केली होती. आपण पोरीचं सोनं केलं, असं स्वतःला सांगत सहा वर्षं काढली होती.

पूनम चोवीस वर्षांची होती. ती गुडघ्यावर हात ठेवून उभी होती, धापा टाकत, हसत.

"कुठला गुडघा वस्ताद? ह्यो? काय झालंय ह्याला?"

"तुटला न्हाई?"

"तुटायला खेळावं लागतं. मस्कत, ताश्कंद, बंगळुरू, परत मस्कत. चार क्लब. सगळ्यांनी मिळून एकशे चाळीस मिनिटं खेळवलं मला. बाविसावं लागलं, रेघ पडली, कोण घेईना. कंपनीनंच मग नोकरी दिली. म्हणाले, तुला अनुभव हाय."

मालन कठड्यावर बसली.

"आणि यंत्रात काय लिवलंय? तुझ्या नावाफुडं?"

पूनमनं टॅब उचलला, उघडून दाखवला. शेवटच्या माथ्यानंतरचे सामने: शून्य. अंदाज: बरोबर.

"बरोबर कसा?"

"माथ्यानंतर खेळली न्हाई म्हंजे घसरली. यंत्राला एवढंच कळतं. दोर तुटून बसली काय आन् कुणी बसवली म्हणून बसली काय, शून्य ते शून्यच. ह्या शून्यांवरच ते पुढचं शिकतं. दरसाली आणखी बरोबर येतंय. नव्व्याण्णव टक्के झालंय आता."

अफरीन अजून मातीतच बसली होती. मालनला तिचा चावीवालीचा धंदाच हे समजावून गेला. ती म्हणाली, "मी वरनं चावी बंद करायची, गल्लीतल्या मीटरवर शून्य येणार, आणि मग मीच वरती कळवायचं की विहीर आटली. असंच ना?"

"अगदी असंच."

"आणि आजपत्तोर एकबी पोरगी माथ्यानंतर रीतसर खेळलेली न्हाई?"

"एक बी न्हाई. कोण खेळवणार?"

यंत्र खोटं बोलत नव्हतं. खोटं बोलायला अक्कल लागते. खोटं बोलत होती ती माणसं, आणि त्यातली एक मालन होती.

*

त्या संध्याकाळी तिनं अफरीनला तालमीत थांबवून घेतलं. वाटलं होतं, पोरगी गळ्यात पडेल.

"मी सही करणार न्हाई," मालन म्हणाली. "तू हितंच खेळायचं. माझा शब्द."

अफरीन बुटाची नाडी सोडत होती. तिनं मान वर केली. "तुमचा शब्द?"

"व्हय."

"पूनमक्काला इकायचा बी तुमचाच शब्द होता ना? तवा तिला इचारलं होतं?"

अफरीननं दुसऱ्या बुटाची नाडी ओढली.

"न्हाई इचारलं. आता मला ठेवायचा बी तुमचाच शब्द. आण्णा म्हणतात इका, तुम्ही म्हणताय ठेवा. दावं तुमच्या दोघांच्या हातात आन् म्हैस मधी उभी." ती उठली. "मला कतार बघायचंय वस्ताद. मोठ्या मैदानावर खेळायचंय. अब्बा उद्यमनगरात लेथवर उभं ऱ्हाऊन म्हातारा झाला. पण मला खेळायला जायचंय, बाकावर बसायला न्हाई. हे दोन वेगळं हाय, कुणाच्या डोक्यात शिरतंय का बघा."

बूट खांद्यावर टाकून ती निघून गेली. मालनच्या एकवीस वर्षांच्या वस्तादकीत कुणी पोरगी तिच्याशी असं बोलली नव्हती. ती रिकाम्या हौद्याकडं बघत बसली. राग यायला हवा होता. आला नाही, कारण पोरगी खरं बोलली होती.

*

सौद्यात खोडा घातला तो एका जुन्या अर्जानं, आणि तो अर्ज असा भरणं फक्त चिंचबागलाच जमलं असतं.

पूनमला विकायच्या आधीच खेळाडूंच्या हक्कांचा कायदा आला, तेव्हा प्रत्येक तालमीला एक अर्ज भरायचा होता. 'हक्कांचे मालक' या रकान्यात बाकीच्या तालमींनी कंपनी लिहिली, विश्वस्त लिहिले. चिंचबागच्या तेव्हाच्या सचिवानं गणपतीच्या पावतीपुस्तकावर लिहायचा तसा मजकूर झोकात लिहिला: 'समस्त चिंचबागकर', म्हणजे अख्खी पेठ. कुणी वाचलं नाही. आता कतारच्या वकिलांनी वाचलं. त्यांनी कळवलं, मालक समस्त पेठ असेल तर पेठेतल्या अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाची संमती पाहिजे. एकाचीही कमी चालणार नाही.

हिंदुराव दहा दिवस दूध घालताना सह्या गोळा करत फिरले. दाराशी चरवी आणि टॅब बरोबरच. नऊ मार्चला तालमीत सगळी पेठ जमली. बसायला जागा नव्हती, लोक हौद्याच्या कडेनं उभे होते.

"सोळाशे अकरा माणसं," हिंदुराव घाम पुसत म्हणाले. "सोळाशे नऊ झाल्या. ऱ्हायली एक मालनताईंची. आन् एक अफरीनची स्वतःची. जानेवारीत अठरा झाली न्हवं का ती." ते ओशाळं हसले. "आपलं कागदापुरतं. अफरीन, कर बाळ आंगठा."

अफरीनचे वडील दस्तगीर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी खाली मान घालून सांगितलं, "मी केलीय सही. तिचं भलं हुईल म्हणून. चुकलो असन तर ती सांगंल."

मालन पुढं झाली. तोंड उघडणार, तोच अफरीननं तिच्या दंडाला धरून मागं ओढलं.

"वस्ताद, तुम्ही बसा. तुमचं 'न्हाई' आधी आलं तर ते तुमचंच 'न्हाई' हुईल."

मालन बसली. वस्तादनं शिष्याचं ऐकून खाली बसायची ती त्या तालमीतली पहिली वेळ असावी.

"म्हंजे मी माझी सोळाशे अकरावी वाटेकरीन," अफरीन म्हणाली. "लई झालं. एवढा वाटा बी मला कुठं दुसरीकडं मिळाला नसता. तर माझ्या वाट्याचं सांगते. न्हाई."

कल्ला झाला. कुणी म्हणालं पोरगी माजलीय, कुणी शिट्टी मारली. हिंदुरावांचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. "अगं येडी हायस का? दोन दिवसांनी रेघ पडंल! मग फुकट बी न्हाई न्यायचं कोण! इमा मिळणार न्हाई तुला कुठं!"

"ठावं हाय आण्णा. बारा तारखेला नवा दरवाजाशी फायनल हाय. ती खेळणार. पुढचं वरीस खेळणार. पाय मोडला तर माझा मोडंल. कुणाला मी तारखेशिवाय पायजे असली, तर त्यांनी यावं, मला इचारावं, मी चालत जाईन. न्हाई कोण आलं तर चिंचबाग हायच. आन् परत माझं रक्त कुणाला देणार न्हाई."

हिंदुराव मटकन खाली बसले. हातातला हिरवा नकाशा त्यांनी हळूच गुंडाळला. वाईट माणूस नव्हता तो. पेठेच्या पोरींना पळताना खडे टोचू नयेत, एवढंच त्याला पाहिजे होतं. पण पोरी विकून त्यांच्यासाठी मैदान बांधायचं, यात काय चुकतंय ते त्याला आत्ता कुठं दिसत होतं.

मग दारातून आवाज आला. पूनम तिथं उभी होती. निळा शर्ट अंगात नव्हता.

"आण्णा, एक इचारू? मला इकलं तवा पेठेच्या सह्या घेतल्या होत्या?"

"तवा... तवा कुठं कुणाला म्हाईत होतं? माझी आन् वस्तादांची होती."

"म्हंजे तो सौदा झालाच न्हाई."

पूनम दारातून हौद्यापर्यंत आली.

"म्हंजे कागदावर मी अजून चिंचबागची खेळाडू हाय," पूनम म्हणाली. "सहा वर्सं सरावाला आली न्हाई, तेवढा दंड लावा. पण वस्ताद, बारा तारखेच्या यादीत माझं नाव घाला."

मालननं तिच्याकडं बघितलं. सहा वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते सोळाशे माणसांसमोर बोलावं लागलं. पर्याय नव्हता, आणि नसलेलाच बरा होता.

"पूनम, मी तुला इचारलं न्हवतं. चुकले मी."

"व्हय. चुकला," पूनम म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. "बारा तारखेचं बोला."

*

बारा मार्चला उन्हं उतरायच्या वेळी स्टेडियम गच्च भरलं. समोर नवा दरवाजा तालीम. फलकावर खेळाडूंच्या नावासमोर त्यांची चालू किंमत झळकायची. अफरीनच्या नावापुढं लाल बाण लागला होता, आणि आकडा मिनिटाला खाली सरकत होता.

नवा दरवाजावाले ताल धरून ओरडत होते, "शिळी भाकरी! शिळी भाकरी!"

चिंचबागकरांनी उत्तर दिलं, "शिळीलाच चव लई!"

पहिल्या अर्ध्यात अफरीननं गोल केला. नवा दरवाजानं फेडला. त्रेसष्टाव्या मिनिटाला मालननं पूनमला उतरवलं. फलकावर तिच्या नावापुढं आकडाच आला नाही. यंत्राच्या हिशेबात ती अस्तित्वातच नव्हती. पण अफरीन डावीकडून आत शिरली की पूनम बरोबर मोकळ्या जागेत सापडत होती, आणि नवा दरवाजाच्या पोरींना कळेना की हिला धरायचं कुणी. त्यांचा सगळा अभ्यास यंत्राच्या नोंदींवर, आणि नोंद शून्य.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला पूनम चेंडू घेऊन वळली. डावा पाय रोवला. त्याच क्षणी समोरची डिफेंडर घसरत आली आणि दोघी कोसळल्या. डिफेंडर उठली. पूनम उठली नाही. दोन्ही हातांनी तिनं डावा गुडघा घट्ट धरला होता.

मालन धावत सुटली. एवढं अंतर पळताना तिला दोन गोष्टी एकदम सुचल्या: यंत्र बरोबर होतं, आणि आपण दुसऱ्यांदा या पोरीचं वाटोळं केलं. बदलीचा फलक घेऊन चौथा पंच रेघेवर येऊन उभा राहिला. अफरीन पूनमशेजारी गुडघे टेकून बसली होती, पांढरीफटक. मागून कुणी ओरडलं, "काढा वस्ताद, काढा तिला!"

मालनचा हात वर गेला होता. बदलीची खूण करायला सवयीनंच गेला होता. एकवीस वर्षं हाच हात चावी फिरवत आला होता.

तिनं तो खाली घेतला. वाकली.

"पूनम. काय करू?"

पूनमचे डोळे मिटलेले होते. तिनं पाय हळूच लांब केला, दुमडला, परत लांब केला. दात-ओठ खात होती. डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी होतं आणि तिरीमिरी होती.

"दुखतंय. लई दुखतंय. तुटलंय का न्हाई ठावं न्हाई."

"मग?"

"मला कळंल पळाल्यावर. मलाच कळू दे की एकदा."

मालन सरळ उभी राहिली. चौथ्या पंचाकडं बघून तिनं मान हलवली. नाही. पंचानं फलक खाली केला.

पूनम अफरीनच्या खांद्याला धरून उठली. दोन पावलं लंगडत टाकली. तिसऱ्या पावलाला तिनं खांदा सोडला. मालन रेघेबाहेर आली, पण बाकावर बसली नाही. तिच्या मागं किमतींचा फलक होता, त्यावर काहीतरी लाल लाल हलत होतं. तिनं त्याच्याकडं पाठ केली.

"अफरीन!" मैदानातून पूनमचा आवाज आला, कर्कश, पेठेतला. "बघत काय उभी ऱ्हायलीस? बॉल दे!"